श्वास रोखून घेतलेलं माप

३ मार्च
लेकीने विचारलं, गेमवाल्यांच्या वेशभूषा स्पर्धेत जोडीने उतरायचं का. आमच्या गेममधले दोन खाणकामगार: केशरी जम्पसूट, एकाच दोरीला बांधलेले. एरवी तिच्या खोलीचं दार बंद असतं. माझ्याशी बोलते ती गेममध्येच. लगेच हो म्हटलं. तिचा सूट तिची आई शिवणार, माझा मी. शिवणयंत्र म्हणजे काही रॉकेट नव्हे.

४ मार्च
बायको टेप घेऊन आली. नको म्हटलं. ती आकडे मोठ्याने वाचते. स्वतःच माप घेतलं, पोट आत ओढून, श्वास रोखून. श्वास घेतला की टेप हलते आणि माप चुकतं. कंबर अपेक्षेपेक्षा बरीच चांगली निघाली.

७ मार्च
बायको म्हणते, आधी जुन्या चादरीचा शिवून बघा. म्हटलं, ज्यांना खात्री नसते त्यांनी बघावं.

११ मार्च
डावी बाही पायाला शिवली गेली. उसवली. मशीनच वाकडं चालतं. बायको नुसतं ‘अंगण’ म्हणाली आणि आत गेली.

१६ मार्च
मेहुणा चहाला आला. त्याला सगळे काडीपैलवान म्हणतात (म्हणजे मी म्हणतो). म्हणाला, भावोजी, सूट झकास झालाय, पण कोणासाठी? दुर्लक्ष केलं.

१८ मार्च
घालून पाहिला. चेन बेंबीपाशी अडते. श्वास रोखला की आणखी चार बोटं वर. म्हणजे शिलाई अचूक आहे, कमी पडतोय तो सराव. आजपासून रात्रीचं जेवण बंद.
नंतर: जेवलो. रिकाम्या पोटात गॅस धरतो, त्याने कंबर वाढते.

२३ मार्च
उद्या स्पर्धा. लेक म्हणाली, शेवटची पोझ करून बघू: दोघांनी गुडघा टेकून कंदील वर धरायचा. मी श्वास रोखला, बायकोने चेन गळ्यापर्यंत ओढली. गुडघा टेकला. मग ना उठता येई, ना बोलता. लेक ओरडली, बाबा, श्वास घे! घेतला. चेन वरपासून खालपर्यंत उघडली. शिलाई मात्र जागची हलली नाही, याची नोंद असावी.
लेक म्हणाली, राहू दे, नाव काढून घेऊ. तोंड एवढंसं झालं होतं तिचं. शेवटी मीच काडीपैलवानाला फोन केला.

२४ मार्च, संध्याकाळ
सूट त्याला असा बसला की जणू त्याच्यावरच बेतला होता. दोरीचं दुसरं टोक त्याच्या कमरेला. फार वाईट वाटलं.
बक्षीस मिळालं, तेही फिटिंगसाठी. लेक माइकवर म्हणाली, माझ्या बाबांनी शिवलाय. सगळे वळून बघू लागले. मी उठलो, पोट आत घेतलं, हात वर केला, आणि शर्टाचं बटण समोरच्या बाईंच्या मांडीवर पडलं. बसलो.
काडीपैलवानाने विचारलं, सूट ठेवून घेऊ का. ठेव म्हटलं. तसाही महिन्याभरात तो मला सैलच पडणार आहे.