सवतीच्या मुलाचा बंदोबस्त

बार्लीच्या कापणीचा महिना. अमावास्येनंतरचा दुसरा दिवस. सकाळ.

आजपासून रोज लिहायचे ठरवले आहे. फुटक्या घागरींची खापरे स्वयंपाकघरामागे हवी तितकी पडलेली असतात. अक्षरे सुटी काढीन. एक जरी चुकले तरी ते खापर फेकून दुसरे घेईन.

कारण गंभीर आहे. काल देवीने मला निवडले.

झाले असे. मी हेराच्या मूर्तीला तेल लावत होतो. लाकूड जुने आहे, तेल पिते. आमच्या मुख्य पुजारीण आर्खिप्पाबाई दारातूनच सांगत आल्या, की हेराक्लीस सिंहाला मारून जिवंत परतला. राजाला त्याला गावात ठेवायची छाती होत नाही, म्हणून त्याला द्यायचे पुढचे जिवावरचे काम ठरेपर्यंत तो आपल्या आवारात राहील. त्याच क्षणी मूर्तीच्या हनुवटीवरून तेलाचा थेंब माझ्या मनगटावर पडला. कढत होता. (तेल मीच गरम केले होते. पण इतके नाही.)

देवीच्या नवऱ्याने, झ्यूसने, बाहेरच्या बाईशी घातलेला हा गोंधळ, आणि त्याचे पान आता त्याच्या लग्नाच्या बायकोच्या अंगणात मांडायचे! देवीने काय कमी प्रयत्न केले? तो पाळण्यात असताना साप सोडून एकदा केला. मोठा झाल्यावर त्याला वेड लावले, त्या भरात त्याने स्वतःची मुले मारली. मग राजाकरवी सिंहाच्या तोंडी दिले, तर हा सिंह अंगावर पांघरून आला. देवीचे कुठे चुकते याचा मी नीट विचार केला. तिच्याजवळ व्यवस्थित माणूस नाही.

तो मी.

त्याच दिवशी. दुपार.

अजून एक गोष्ट लिहून ठेवतो. पौर्णिमेला देवीचे स्नान आहे. त्या दिवशी तिच्या वस्त्रांचा कायमचा सेवक नेमला जाईल. मी सध्या हंगामी आहे. नेमणूक झाली नाही तर मामाच्या कातडी कमावायच्या कुंडावर परत. तिथे दिवसभर गुडघाभर मुतात उभे राहावे लागते. पण देवीचा शत्रू ज्याने संपवला, त्याला कुंडावर कोण पाठवेल?

चौथा दिवस.

तो आला. फाटकातून आडवा होऊन आत शिरला. सिंहाच्या कातड्याला अजून वास येतो. कडा नीट शिवलेल्या नाहीत. मला बघवेना.

आवारात उतरल्याबरोबर त्याने पाणी मागितले. मी घड्या घालत होतो, तसाच घालत राहिलो. तो म्हणाला, "काय रे घडीवाल्या, चिडलास का माझ्यावर?"  शालूची घडी बिघडली. पुन्हा घालावी लागली.

स्वयंपाकीण मोल्पिसमावशी त्याच्यासाठी बोकड शिजवत होती. मी म्हटले, शत्रूला एवढे कशाला? ती म्हणाली, "देवीचं वैर देवी बघेल. माझ्या हातचं कुणी चाटूनपुसून खातंय, तर मी का तोंड वाकडं करू? तू चार घास खातोस तेसुद्धा मोजून."

तिच्यापासून सावध राहायचे.

पाचवा दिवस.

योजना पक्की. देवीचे जुने हत्यार म्हणजे डंख. दुसऱ्या एका सवतीच्या मागे तिने एकदा माशी लावून तिला देशोदेशी पळवले होते. मी गांधीलमाश्यांचे पोळे आणणार. ऑलिव्हच्या बागेत एक हेरून ठेवले आहे. तो दुपारी झोपतो. उशाशी ठेवायचे, काठीने टोचायचे, निघून यायचे. सोपे.

सहावा दिवस. संध्याकाळ.

उजवा डोळा उघडत नाही. म्हणून ओळी तिरक्या गेल्या आहेत.

गांधीलमाश्या नव्हत्या. मधमाश्या होत्या. सिंहाच्या कातड्यातून डंख जात नाही हे कोणीतरी आधी सांगायला हवे होते. तो उठला, पोळे हातात घेतले, माश्या झटकल्या, आणि मध काढून सगळ्यांना वाटला. मला म्हणाला, "माझ्यासाठी एवढ्या माश्या अंगावर घेतल्यास? वेडा आहेस." आणि सर्वांत मोठा तुकडा माझ्या पानात टाकला.

खाल्ला. संशय येऊ नये म्हणून.

आर्खिप्पाबाईंनी माझ्या डोळ्यावर चिखल लावला आणि म्हणाल्या, "तुझ्यात एवढी माया असेल असं वाटलं नव्हतं हो." नेमणुकीच्या दृष्टीने हे वाईट नाही. देवीच्या दृष्टीने आहे.

आठवा दिवस.

डंख हे देवीचे हत्यार आहे, माझे नाही. माझी चूक तिथेच झाली. माझ्याजवळ काय आहे? काटेकोरपणा. त्याला विषच योग्य.

डोंगरावर काळी मुळी मिळते. मेंढपाळ म्हणाला, थोडी दिली तर पोट साफ, जास्त दिली तर माणूस साफ. मी जास्त आणली. ती कुटून, गाळून, पुन्हा गाळली. त्याच्या मसुरीच्या कालवणात मी स्वतः घातली. मावशीला सांगितले, मसाला आहे. ती म्हणाली, "तू आणि मसाला?" पण ढवळले.

त्याने भांडे उचलून तोंडाला लावले. मी खांबामागे उभा होतो. त्याचे घोट मोजत होतो.  उद्या सकाळी देवीला काय वाटेल? तिला लाल वस्त्र नेसवीन.

नववा दिवस. सकाळ.

जिवंत आहे.

दिवस उगवायच्या आत तो चार वेळा झाडीत जाऊन आला एवढेच. एवढ्या मोठ्या शरीराला ते माप कमी पडले असणार. मेंढपाळाने माणसाचे माप दिले होते. चूक मेंढपाळाची.

नववा दिवस. दुपार.

हे लिहू की नको कळत नाही.

तो होमाची लाकडे फोडत होता. मला म्हणाला, बस. मी बसलो, कारण त्याच्या हातात कुऱ्हाड होती. वाटले, कळले सगळे. जवळपास कोणी नव्हते. मी मनात मामाला, मामीला, सगळ्यांना शेवटचे आठवून घेतले.

तो म्हणाला, "मसुरीत काळी मुळी होती ना?"

मी पायाजवळचे ढलपे गोळा करून रचू लागलो.

"आमच्याकडेही वेड्या माणसाला तीच देतात. माझी आई सारखी म्हणायची, घे, घे. मी कधी घेतली नाही. भीती वाटायची. डोकं ताळ्यावर आलं तर आपण काय केलंय ते सगळं आठवेल." मग बराच वेळ लाकूडच फोडत राहिला. "आठवलं. धाकट्यानं माझा अंगठा धरला होता. पण आज पहिल्यांदाच ती मुलं स्वप्नात येऊन ओरडली नाहीत रे. नुसती बसून होती."

मी म्हटले, लाकडे ओली आहेत, धूर होईल. 

तो म्हणाला, "तुझे उपकार विसरणार नाही, घडीवाल्या."

माझा निश्चय अजिबात ढळलेला नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

अकरावा दिवस.

मार्ग सापडला. इतका सोपा, की आधी का सुचला नाही याचे नवल वाटते.

पौर्णिमेला देवीला बैलगाडीतून नाउप्लियाच्या झऱ्यावर नेतात. तिथे बायका तिला विवस्त्र करून न्हाऊ घालतात. पुरुषांनी ऑलिव्हच्या रांगेपलीकडे थांबायचे. ज्या पुरुषाने देवीला तसे पाहिले तो तिथल्या तिथे मेला, असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. (अंगाचे तेल आणि वस्त्र मी डोळे मिटूनच उरकतो.) गाडीबरोबर ओझी उचलायला हेराक्लीस येणार आहे. त्याला फक्त खडकामागची वाट दाखवायची. मग माझे काम संपले. देवी स्वतःच्या हाताने हिशेब पुरा करील, आणि माझ्या हाताला काही लागणार नाही.

हे दुसरे कारण महत्त्वाचे नाही. सहज लिहिले.

तेरावा दिवस.

पेटी भरली. तळाला लग्नाचा शालू, कमरपट्टा, डोक्यावरची ओढणी. वर कुमारीचे पांढरे वस्त्र, कारण न्हाऊन झाल्यावर तेच लागते. दोन्ही घड्यांत वाळकी पाने घातली. मूर्तीला आज नेहमीपेक्षा जास्त तेल लावले. पुन्हा एकदा लावले. संध्याकाळी परत लावले. शत्रू संपताना ती झळकली पाहिजे.

मावशी म्हणाली, "अरे, देवी आहे ती, तळायची नाहीये." अशा बायकांना सौंदर्य कळत नाही.

पौर्णिमा. सकाळ.

गाडी थांबली आहे. पुरुष ऑलिव्हखाली बसले आहेत. बायका मूर्ती घेऊन झऱ्याकडे गेल्या. त्यांची गाणी ऐकू येतात. मी खापर मांडीवर घेऊन लिहितो आहे, म्हणजे हात गप्प राहील. तो गाडीच्या चाकाला टेकून कांदा खातो आहे. आता सांगतो.

सांगितले. म्हटले, देवी तुम्हाला बोलावते आहे, खडकामागून जा. त्याने कांदा खाली ठेवला. म्हणाला, "मला? ती?" त्याचा चेहरा पाहायला नको होता. "नक्की ना? खोटं नको सांगूस बाबा, हिच्या नावानं तरी नको." मी म्हटले, नक्की.

तो गेला. हात धुऊन गेला.

त्याला परत बोलवावे काय?  गाणे थांबले. बायका किंचाळत आहेत.

पौर्णिमा. संध्याकाळ.

जसे घडले तसे लिहितो.

मी धावलो. ऑलिव्हची रांग ओलांडली, आणि मीही पुरुष आहे हे ओलांडल्यावर लक्षात आले. डोळे मिटले आणि कोणाच्या तरी घागरीवर पडलो.

देवी बायकांच्या हातातून निसटली होती. तेलामुळे. झऱ्याखालच्या खोल डोहात गेली, आणि जुने लाकूड तेल पिऊन इतके जड झाले होते, की तरंगेना. आर्खिप्पाबाई काठावर ऊर बडवत होत्या. तेवढ्यात खडकामागून हेराक्लीस आला आणि आला तसा पाण्यात शिरला.

बाई ओरडल्या, "डोळे मीट, मेल्या!"

तो म्हणाला, "मिटलेत, बाई. कुठे आहे तेवढं सांगा."

मग सगळ्या बायका एकदम सांगू लागल्या. डावीकडे, अरे तुझ्या डावीकडे, खाली, तो दगड आहे, सोड. शेवटी त्याने तिला लहान मूल उचलावे तसे छातीशी धरून वर आणले. काठावर ठेवले आणि पाठ करून उभा राहिला. थरथरत होता. पाणी गार नव्हते.

मी वाट पाहत होतो. वीज पडेल, जमीन फाटेल. काही झाले नाही. न राहवून मी आर्खिप्पाबाईंना विचारले, की देवीला याचा राग नाही का येणार?

त्या मूर्तीला पांढरे वस्त्र नेसवत होत्या. म्हणाल्या, "कशाचा राग? झऱ्यात न्हाली, आज ती पुन्हा कुमारी झाली. नवरा नाही, सवत नाही, तर सवतीचं पोर कुठून येणार? आज हा तिला कुणीही नाही. वाटेवरचा माणूस. भला माणूस." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पेटी तूच भरलीस ना? पांढरं वर कशाला ठेवलं होतंस?"

पेटी मीच भरली होती.

त्यांनी त्याला विचारले, तुला इकडे कोणी पाठवले? त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "यानं. देवी बोलावतेय म्हणाला. आणि खरंच बोलावत होती!" बाईंनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले. बायका रडू लागल्या. हंगामी माणसाला देवीची हाक ऐकू आली, असे त्या एकमेकींना सांगत होत्या. माझी नेमणूक कायमची झाल्याचे बाईंनी तिथेच जाहीर केले.

मी जिंकलो असे वाटते. नीट विचार करून उद्या लिहीन.

पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस.

काल देवीचे झ्यूसशी पुन्हा लग्न लागले, दर वर्षी लागते तसे. शालू मीच नेसवला. म्हणजे नवरा परत आला, सवती परत आल्या, आणि हा पुन्हा सवतीचा मुलगा झाला.

लग्नाचे जेवण चालू असतानाच राजाचा निरोप आला. हेराक्लीसने लेर्नाच्या दलदलीत जाऊन तिथला अनेक तोंडांचा पाणसाप मारायचा. एक तोंड छाटले की दोन फुटतात, असे निरोप्याने जेवता जेवता सांगितले. तो साप आमच्या देवीने स्वतः वाढवला आहे, खास याच्यासाठी.

हेराक्लीसने आर्खिप्पाबाईंकडे एकच गोष्ट मागितली. "मला हा घडीवाला द्या. आजवर माझी एवढी काळजी कुणी घेतली नाही." बाई म्हणाल्या, "घेऊन जा की. कायमचाच आहे."

पौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस. लेर्ना. पाण्याच्या काठावर.

छाटलेल्या माना लगेच डागायच्या मशालींची टोपली माझ्या डोक्यावर आहे. तो म्हणाला, "माझ्या पाठीला चिकटून राहा, पोरा, म्हणजे तुला काही होणार नाही." मी चिकटून आहे. इतका, की कातड्याची न शिवलेली कड नाकाला लागते आहे. पाण्यातून बुडबुडे येत आहेत.

हा मेला तर पुढचा मी.

देवीची प्रार्थना करायला लागलो, याला सांभाळ, याच्या केसाला धक्का लागू देऊ नकोस. अर्धी झाल्यावर आठवले, मी कोणाकडे मागतो आहे ते.