अंगातलं औषध

प्रिय ताई,

भावोजी परवा फोनवर सांगत होते, कंबरेतलं दुखणं आता पाठीत चढलंय, आणि तरी तू भिंत धरत उठून सगळ्यांचा चहा करतेस. तुझ्यापुढे हात टेकले, बाई! तीन नोकऱ्या सोडून ही चौथी धरली तेव्हा तू म्हणालीस, भिंगरी, इथे तरी टेक. टेकलोय बघ. अकरा महिने झाले.

काम बाटल्या-नळ्या धुण्याचं. पण ज्या बाईंच्या प्रयोगशाळेत धुतो, त्या दुखण्याचाच अभ्यास करतात. आपलं अंग दुखण्यावरचं औषध स्वतःच बनवतं, हे तुला माहीत होतं? मला कुठलं! पहिल्याच महिन्यात मी घोळ घातला. एका प्लास्टिकच्या नळीत थेंबभर डायनॉर्फिन होतं, म्हणजे त्या अंगातल्या औषधांपैकीच एक. नळी मळकट दिसली म्हणून मी ते लख्ख घासलेल्या काचेच्या नळीत ओतलं. स्वच्छतेची हौस! दुसऱ्या दिवशी बाई मोजायला बसल्या तर जवळजवळ काहीच नाही. सगळं काचेला चिकटून बसलेलं. मी पिशवी भरून निघालोच होतो. बाई म्हणाल्या, पळतोस कुठे, चूक केलीस तर ती समजून तरी घे. आणि सातवीत शाळा सोडलेल्या मला स्टुलावर बसवून तासभर शिकवलं. अशीही माणसं असतात, ताई.

मेंदूत, मणक्यातल्या मज्जारज्जूत पेशींवर या औषधांना बसायच्या ठरलेल्या जागा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात, आपण घरं म्हणू. त्यांची नावं म्यू, डेल्टा आणि कप्पा. एंडॉर्फिन हे अंगातलं दुसरं औषध अगदी आपल्या आत्यासारखं, म्यू आणि डेल्टा दोन्ही घरी सारख्याच हक्कानं बसतं. तिसरं एन्केफॅलिन, त्याला डेल्टाचा लळा जास्त, म्यूकडेही जातं, पण टिकत नाही, काही मिनिटांत मोडून जातं. डायनॉर्फिनचा ओढा कप्पाकडे. तेही वेदना दाबतं, पण तिथे फार रेंगाळलं की जीव कासावीस करतं. मी म्हटलं, बाई, माझ्यात हेच जास्त असणार. त्या हसल्या. एवढं सोपं असतं तर मी कधीच घरी बसले असते, म्हणाल्या.

मला तर नवलच वाटतं. कुणी न सांगता तुझं अंग दोन वर्षं हे सगळं करतंय. पण एवढ्या दुखण्याला ते पुरत नाही, असं बाईच म्हणाल्या. डॉक्टर देतात ते मॉर्फीन परकं नाही गं, तेही मुख्यतः म्यूच्याच घरी जाऊन बसतं.

भावोजींनी आणखी एक सांगितलं. तुझ्या उशीच्या अभ्र्यात मॉर्फीनच्या सोळा न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. का लपवल्यास ते मी कुणाला विचारलं नाही. बाबांची बाटली आपण दोघांनी पाहिलीय, आणि मार तू एकटीनं खाल्लास. व्यसनाला घरात पाऊल ठेवू देणार नाही, ही तुझी शपथ मला पाठ आहे. म्हणून बाईंना स्पष्टच विचारलं, या गोळ्यांचं व्यसन लागतं का. त्यांनी लपवलं नाही. सवय लागू शकते, म्हणूनच डॉक्टर मापानं देतात, लक्ष ठेवतात. पण बाबा प्यायचे ते आपल्यापासून लांब जायला. तू घेशील ती आमच्यात बसता यावं म्हणून. तुझी भीती डॉक्टरांना सांग, आणि ते म्हणतील तशी गोळी घे. तू किती सोसतेस ते मी लहानपणीच पाहिलंय, पुन्हा दाखवू नकोस. मला निवांत झोपलेली ताई हवी आहे.

तुझाच, अजून पळून न गेलेला,
भिंगरी