दिवस मावळल्यावरचं जेवण

चंदनबाला अक्का,
जय जिनेंद्र.

दिवसाउजेडीच जेवायचं, हा नेम मला तूच दिलास. पण सून चंदना सांगलीच्या नोकरीवरून सातला घरी येते. माझ्यासाठी ती लवकर निघायची, तेव्हा साहेबानं नोकरीवरून काढायची ताकीद दिली. गार भाकरी मला चाववत नाही. "शेजारी जेवतो," असं तिला खोटंच सांगून आठ दिवस संध्याकाळी उपाशी राहिलो.

काल तिला कळलं. "आवं मामा, मग मी बी न्हाई जेवत," म्हणत ताट झाकून बसली. शेवटी दिवे लागल्यावर मीच भाकरी मोडली. लय गोड लागली.

तू ऐकलंस तर अन्न सोडशील, म्हणून हे पत्र धाडणार नाही. आता सव्वासात झालेत. ती अजून आलेली नाही, आणि मी दोन ताटं मांडून बसलोय.

तुझा धाकटा,
आदगोंडा, आष्टा