दोन मिनिटं उशिराची घंटा

३ फेब्रुवारी
प्राचार्यांचा फोन! कॉलेजला पन्नास वर्षं झाली, स्मरणिकेसाठी माझा लेख हवा. "व्हीलचेअरवरून शिकलेल्या आपल्या पहिल्या विद्यार्थिनी तुम्ही, मॅडम." तोंडात नुसती साखर. मी थोडे आढेवेढे घेतले. मनातून केव्हाच हो झालं होतं.

४ फेब्रुवारी
लिहायला बसले आणि सगळं धडाधड आठवायला लागलं. दादा स्कूटरवरून सोडायचा. खुर्ची रोज कॉलेजातच मुक्कामाला, शिपाईमामांच्या खोलीत. तिथून वर्ग दुसऱ्या मजल्यावर — अडतीस पायऱ्या. वर्गातली चार पोरं खुर्चीला चार बाजूंनी धरायची. सूचना देणार त्यांतला दांडगोबा. "सांभाळा रे, महाराणी पडल्या तर राज्य बुडेल!" एकदा त्यालाच इतकं हसू फुटलं की मला मधल्या वळणावर टेकवलं आणि पाचही जण तिथेच हसत बसलो. पहिला तास बुडाला. राज्य तेवढं वाचलं.

आणि शिपाईमामा! आम्ही जिन्यावर असलो की घंटेपाशी हातोडी धरून उभे. तो हसण्याचा दिवस सोडला तर खुर्ची वर टेकल्याशिवाय टोला नाही. तीन वर्षं अख्खं कॉलेज दोन मिनिटं उशिरा सुरू व्हायचं आणि कुणाला पत्ता नव्हता! गणिताचे सर बिचारे घड्याळ दुरुस्तीला टाकून टाकून थकले.

रडले थोडी. बरं वाटलं.

७ फेब्रुवारी
दांडगोबाला फोन केला. आजोबा झालाय, गुडघे गेलेत. "तुला उचलून उचलून गेले गं!" आणि तोच जुना गडगडाट. लेखाचा शेवट त्याला वाचून दाखवला — तेव्हा लिफ्ट नव्हती, पण माणसं होती. त्यानं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "झकास."

८ फेब्रुवारी
लेख पाठवला.

११ फेब्रुवारी
प्राचार्य बेहद्द खूश. ते शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत दारापाशी लावणार म्हणे! अंगावर मूठभर मांस चढलं. दिवसभर ज्याला त्याला सांगत होते. भाची म्हणाली, "आत्या, आता पुरे."

१५ फेब्रुवारी
दुपारी एक मुलगी आली, आईबरोबर. व्हीलचेअरवर. आपल्याच कॉलेजात, पहिल्या वर्षाला. तिनं अर्ज केलाय — लिफ्ट हवी, आणि खुर्ची आत जाईल असं एक बाथरूम तळमजल्यावर. अर्ज परत आला. सोबत माझ्या लेखाची प्रत! प्राचार्य तिला म्हणाले, "या बाईंनी काही मागितलं होतं का? मुलं मदत करतात ना तुला?" तिनं अर्ज पुन्हा दिलाय, उद्या त्यावर कॉलेजच्या समितीची बैठक आहे. तिथे नाही म्हणाले की विषय संपला.

"मुलं उचलतात हो, मावशी. चांगली आहेत," ती म्हणाली. "पण एखादा आला नाही की मी दिवसभर खालीच."

मला राग आला. तिचाच! आम्ही नाही का शिकलो, सुख बोचतंय हिला — असं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

भाचीनं लिंबू सरबत आणलं. तिच्या आईनं घटाघटा संपवलं. मुलीनं पेला हातातसुद्धा घेतला नाही. बाहेर रणरणतं ऊन, पोरीचे ओठ सुकलेले.

"घे की गं."
"नको. इथून कॉलेजलाच जायचंय."

मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "मावशी, एक विचारू? तुम्ही बाथरूमला कुठे जायचात?"

मी म्हटलं, "अगं, व्हायची काहीतरी सोय."

तिनं मान डोलावली. थोड्या वेळानं दोघी निघाल्या. मी खोटं बोलले.

१६ फेब्रुवारी
कुठेच जात नव्हते. सकाळी सहापासून संध्याकाळी पाचपर्यंत पाण्याचा थेंब नाही. तीन वर्षं. परीक्षेत घेरी येऊन पडले तेव्हा आईला सांगितलं, जागरण झालं. त्या चार पोरांना काय सांगणार होते?

बैठक कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर; मी खाली जिन्याशी बसून हे लिहितेय. आत्ता चार मुलं धावत आली मला वर न्यायला — गोड आहेत. नको म्हटलं. त्यांच्याच हाती समितीला निरोप धाडला, बोलायचंय, तुम्हीच खाली या. मुलगी शेजारी आहे. जे आईला सांगितलं नाही, ते आज इथे जिन्याशी सांगणार आहे, सगळ्यांसमोर.

पावलं वाजतायत. उतरतायत सगळे.