हात टेकला की गाडी परत

आबा,

आधी माझ्या हातानं केलेल्या वस्तू सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. तुमच्या वाकसानं तासलेला पहिला चौरंग, ज्याचा एक पाय आखूड होता. शाळेचं लोखंडी फाटक, ते अजून एका बोटानं उघडतं. आष्टीच्या बाजारातल्या भाजीवाल्यांच्या हातगाड्या. अंथरुणाला खिळलेल्या एका गुरुजींसाठी चाकांची खाट, जी हिसका न बसता उंबरा ओलांडायची. केदारखेड्याच्या एका बागायतदाराच्या मळ्यात पाहुणे फिरवायला बॅटरीवर चालणारी सहा जणांची गाडी. आणि शेवटची, चौदा जणांची, समुद्रासाठी. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पुष्कळ झाल्या, पण त्यात माझं असं काही नव्हतं, म्हणून त्या धरल्या नाहीत. माझ्या जालन्याच्या कारखान्यातल्या पोरांनी जोडलेलंही धरलेलं नाही.

आज असता तर समुद्रासाठी म्हटल्यावर तुम्ही तंबाखू मळायचं थांबला असता. तीर्थपुरीच्या सुताराचा, सातवीत शाळा सुटलेला पोरगा आणि समुद्राचं काम. पण झालं खरं. मळ्यातली गाडी एका कंपनीच्या साहेबानं पाहिली, आणि मला कोकणात बोलावलं. तिथं मोठाली जहाजं येतात, आबा, आपल्या आठवडी बाजाराला जमतात त्याहून जास्त माणसं एका जहाजात. किनाऱ्याजवळ पाणी उथळ, म्हणून जहाज लांब खोल पाण्यात थांबतं. लहान बोटी माणसं घेऊन जेटीच्या टोकाला येतात. तिथं पाण्यावर तरंगणारा एक फलाट आहे, फलाटावरून जेटीवर चढायला लोखंडी रॅम्प, आणि पुढं जेटी सरळ किनाऱ्यापर्यंत, इतकी लांब की टोकाला उभं राहिलं तर गावातली माणसं मुंग्यांसारखी दिसतात. हवा तोंडावर मारते, सावली कुठं नाही. आणि जहाजातून येणारे बहुतेक म्हातारे. आयुष्यभर काम करून आता जग बघायला निघालेले, गुडघे गेलेले. जेटीच्या निम्म्यावरून परत फिरणारेही मी पाहिले. एवढा समुद्र ओलांडून आले, आणि जमीन दिसत असताना पाय उचलेना. साहेब म्हणाला, "मिस्त्री, बोटीतून उतरले की थेट गावात बसूनच गेले पाहिजेत, असं काही करा." मला त्या क्षणी तुमची धमणी आठवली.

तुम्ही ओझ्याच्या बैलगाड्याही करत होता, पण लोक लांबून यायचे ते धमणीसाठी. माणसांना बसायची, छपराची, हलकी गाडी. ती देताना तुमची एकच रीत होती. घेणाऱ्याच्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई गाडीत बसवायची, तिला काही सांगायचं नाही, आणि नदीच्या गोट्यांतून देवळापर्यंत न्यायची. वाटेत तिनं आधाराला कुठं हात टेकला, की गाडी परत. गिऱ्हाईक म्हणो की चालेल, परत म्हणजे परत. मी चौरंग करून आणला आणि लांबून बघत बसलो, तेव्हा तुम्ही डोक्यात टपली मारून म्हणाला होता, "बसायची वस्तू डोळ्यानं बघतोस व्हय? बसून बघ." तेवढंच माझं कॉलेज.

आडतवाल्या मारवाडी शेठच्या आईची धमणी तुम्हाला आठवत असेल. शेठची आई म्हणजे साऱ्या पेठेच्या माजी. त्या गाडीसाठी तुम्ही दोन हंगाम बाभळ वाळवली होती. मी चाकाबरोबर चालतोय, तुम्ही कासरा धरलाय, आणि नदी चढताना माजींचा उजवा हात बाजूच्या दांडीवर गेला. नुसता ठेवला, घट्ट धरलाही नाही. तुम्ही गाडी देवळापर्यंत नेलीत. माजी उतरल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, गाडी एकदम बढिया. पालखीत बसल्यासारखं वाटलं."

"माजी, हात टेकला तुम्ही."

"अरे बाबा, सहज ठेवला. हात आहे तर कुठंतरी ठेवणारच ना."

"न्हाई माजी. टेकला. मी घेऊन चाललो गाडी."

शेठ मागून ओरडत राहिला, घरी आई ओरडली. "आता चुलीत तीच गाडी घाला, लाकूड चांगलं वाळलेलं हाय." तुम्ही चाकांची आस उतरवली, बैठकीचा साटा पुन्हा बांधला. तोवर पावसाळा लागला आणि शेठच्या दारात जीप उभी राहिली. धमणी आपल्या अंगणातच राहिली. तिच्यात कोंबड्या बसायच्या. मला मात्र तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला होता की मी पेठेतून छाती काढून चालायचो. उपाशी पोटी छाती लवकर बाहेर येते, हे आता कळतं.

तर मी कोकणात गेलो, मापं घेतली. जेटीची रुंदी, वळायची जागा, बोटीच्या काठाची उंची, सगळं बराबर. रॅम्पचा उतार मोजला तो तीन फूट. माझी मापं चुकत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. जालन्यात येऊन चार महिने गाडी केली. पायरी इतकी खाली की पाय उचलायचा नाही, नुसता पुढं टाकायचा. सीटच्या कडा गोल. वाऱ्यानं छप्पर फडफडू नये म्हणून ताडपत्री न घालता पत्र्याचं, तेही मागून मोकळं. लोखंडाला खाऱ्या हवेत टिकणारा तीन हातांचा रंग. ट्रकवर चढवून नेली आणि जहाज आलं त्या सकाळी स्वतः चालवायला बसलो. बोटीतून माणसं उतरली, बसली, रॅम्प चढून जेटीवरून गावात पोचली. मी आरशात फक्त हात बघत होतो. चौदाच्या चौदा जणांचे मांडीवर. एक म्हातारे गृहस्थ तर पेंगले. आबा, त्या सकाळी तुम्ही असायला पाहिजे होतात.

संध्याकाळी तीच माणसं परत न्यायची होती. जेटीच्या टोकाला आलो आणि ब्रेक दाबला. रॅम्प खाली कोसळल्यासारखा उभा झाला होता. सकाळी तीन फूट असलेला उतार आता नऊ फूट. फलाट पाण्यावर तरंगतो, ओहोटीला पाणी उतरलं की फलाटही उतरतो, आणि रॅम्पचं एक टोक त्याच्याबरोबर जातं. मी माप घेतलं होतं ते भरतीचं. ओहोटी असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आपल्याकडं विहिरीतलं पाणी उतरतं, विहिरीच्या पायऱ्या उतरत नाहीत. पाण्याबरोबर रस्ता उतरतो हे जालन्याच्या माणसाच्या डोक्यात येत नाही. तिथला म्हातारा खलाशी दोर गुंडाळत हसला. म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या गावाला पाणी खाली गेलं तर काय करता?"

"टँकर बोलावतो," मी म्हटलं. सगळे पोट धरून हसले. मी पण हसलो असेन.

गाडी उतरली. ब्रेक चांगले होते, कुणाला खरचटलं नाही. पण माणसं सीटवरून पुढं सरकत होती. पहिल्या ओळीत एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, नागपूरकडच्या, काठी मांडीवर आडवी धरलेल्या. त्यांनी दोन्ही तळवे माझ्या पाठीमागच्या पत्र्यावर दाबले. एक हात नाही, दोन्ही. उतरताना मलाच म्हणाल्या, "फार सोय झाली हो दादा. तुमच्यामुळं आज जमिनीला पाय लागले." मी हात देऊन त्यांना फलाटावर उतरवलं.

साहेब खूश होता. त्याला मी म्हटलं, सीट झोपाळ्यासारखी लटकती करतो, गाडी कितीही कलली तरी बसणारा सपाट राहील, तीन महिने द्या. तो म्हणाला, "मिस्त्री, सीझन डोक्यावर आलाय. पुढं एक दांडा लावा ना. लोक धरतील, विषय संपला." दांडा लावला असता तर कुणाची तक्रार आली नसती, हे खरं आहे. पण दांडा असला की हात जाणारच, आणि मग गाडी चुकली आहे हे कुणाला कधी कळणारच नाही. मी तसं बोललो. तो वैतागला, जसा शेठ तुमच्यावर वैतागला होता. मी ट्रक बोलावला, माझ्या खर्चानं गाडी परत आणली. तिथं आता दुसऱ्या कुणाच्या गाड्या चालतात. दांडेवाल्या. लोक आरामात जातात म्हणे.

लटकत्या सीटा मी केल्या, आबा. तीन महिने म्हटलं होतं, पाच लागले. त्या पाच महिन्यांत पोरं एकेक करून सळईच्या कारखान्यात कामाला लागली. शेवटचा वेल्डर गेला तो दारात घुटमळला. म्हणाला, "मालक, राग न्हाई ना? घरी दोन लेकरं हायेत." मीच त्याला रिक्षात बसवून दिलं. आता शेडमध्ये मी आणि ती गाडी. तिच्या मागच्या सीटवर मांजर झोपतं. आई बघून म्हणाली, "बापानं कोंबड्यांला धमणी केली, लेकानं मांजराला जहाजाची गाडी."

मागच्या आठवड्यात मी आईलाच गाडीत बसवलं. काही सांगितलं नाही. शेडबाहेर ट्रकमध्ये माल चढवायचा उतार आहे, नऊ फुटांच्या हिशेबानं त्याच्यावर मुरूम टाकून घेतला आणि वरून खाली आणली. सीट अशी सपाट राहिली की काठोकाठ भरलेला तांब्या सांडला नसता. मी आरशात बघतोय, आणि आईचा हात बाजूच्या खांबावर गेला.

गाडी थांबवली. "आई, हात का टेकलास?"

"का म्हंजे? बसले म्हणून."

"सरकलीस का? हिसका बसला का?"

"काय बी झालं न्हाई. अरे, मी आता बाजेवर बसले तरी धरूनच बसून राह्यले. वय झालं म्हंजे हात आपणच जातो." मग थोडं थांबून म्हणाली, "माजीचा बी तसाच गेल्ता. मी तवाच तुझ्या बापाला सांगितलं, गाडीला काय झालं न्हाई, म्हातारीला वय झालं."

"मंग आबा काय म्हणले?"

"काय म्हणतेत? वाकस घेऊन बसले."

त्या दिवसापासून मी एवढंच विचारून राह्यलो. तुम्हाला ठाऊक होतं का? धमणीत खोट नव्हती हे माहीत असून तुम्ही ती खोललीत, की आईचं ऐकल्यावर कळलं आणि तोवर पेठेत शब्द गेल्ता म्हणून वाकस उचलला? तुमची रीत बरोबर असेल तर माझं नुकसान मला चालेल. पण ती नुसती तुमची घमेंड असेल, तर मी आयुष्यभर तुमच्या घमेंडीनं मापं घेत आलोय. नागपूरकडच्या बाईंचे हात खरे होते, उतार खरा होता, एवढं मी स्वतःला सांगतो. मग आईचा हात डोळ्यांसमोर येतो आणि कुठला हात उताराचा, कुठला वयाचा, ते मला ओळखू येत नाही. काल पहिल्यांदा उभ्याच गाडीत स्वतः मागं बसून पाहिलं, तुम्ही सांगितलं होतंत तसं. उठताना माझाही हात खांबावर होता. कधी गेला, कळलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्न नाही. गाडीच्या सीटखाली हत्यारांचा खण आहे, तिथं ठेवीन. एक मात्र कबूल करतो. कंपनीनंच गाडी नाकारली, असं मी आईला सांगितलंय. जेवताना ती अजून त्यांना शिव्या घालते, आणि मी मान खाली घालून जेवतो. खरं असं आहे की ट्रक जेटीवरून निघाला तेव्हा साहेब मागं धावत आला होता. दांडा लावून अशाच आणखी अकरा गाड्या द्या म्हणाला, एकाहत्तर लाख पन्नास हजार. मी नको म्हणालो.