रशीदचाचा, मी खोटं बोलले

प्रिय रशीदचाचा,

तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले. आज तुमचा चाळिसावा झाला. जेवायला आलेल्या पाहुण्यांसमोर चाचीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "ही सुजाता. त्यायची एकुलती एक शागिर्द. उस्तादाचं नाव कधी इसरली नाई पोरगी."

हातातला घास मी ताटात परत ठेवला. घरी आले ती थेट लिहायलाच बसले. कारण चाचीला ठाऊक नाही, चाचा. तुम्हाला ठाऊक होतं.

आपली ओळख आठवते? तुम्ही आमच्या विहाराच्या कमानीवर अक्षरं रंगवत होतात. शाळेतून परतणारी मी, चाळिशीची बाई, खाली उभी राहून बघतच राहिले. तुम्ही शिडीवरून म्हणालात, "येवढं पाह्यता त हातात ब्रश काऊन घेत नाई, मॅडम?"

दुसऱ्या रविवारी मॅडमची 'बेटा' झाली.

देऊळघाटच्या बाहेर, पैनगंगेच्या काठी बसायचो आपण. तुमच्या सायकलवर कॅनव्हास, टर्पेंटाइनची बाटली, जवसाचं तेल. समोर फुलावर आलेली तूर, मागे डोंगर. मी सावलीसाठी काळा रंग काढला की तुम्ही अडवायचात. "सावली काळी नसते बेटा. डोये बारीक करून पाह्य. निळी दिसते का नाई?"

दिसली! जन्मभर त्याच शेतांवरून गेले होते मी, कधी दिसली नव्हती.

"पहिला थर पातळ, वरचा तेलकट. घाई केली त चित्र तडकते," म्हणायचात. दोन महिने लागले त्या एका चित्राला.

मग बुलडाण्याचं ते प्रदर्शन. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होतात. नखांत मात्र रंग तसाच. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी माझ्या चित्रासमोर थांबून विचारलं, "कोणाकडे शिकलात?" आजूबाजूला पदवीवाले चित्रकार उभे होते. आणि मी म्हणाले, "कोणाकडे नाही. स्वतःच, पुस्तकं बघून."

तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर होतात. कोणतं पुस्तक होतं हो ते, चाचा?

पाट्या रंगवणाऱ्याचं नाव घ्यायची लाज वाटली मला. माणसाला त्याच्या कामावरून तोलू नये, हे वर्गात शिकवणारी मी! आमच्या घरात तर आजोबांपासून हेच ऐकत वाढले.

बसस्टँडपर्यंत आपण चालत गेलो. तुम्ही एवढंच बोललात, "आभाय चांगलं जमलं तुह्यं." रागावला का नाहीत? एकदा तरी विचारायचं होतंत, "काऊन वं असं केलं?"

त्यानंतर रविवारी यायचं मीच बंद केलं. परीक्षा, पेपर, गुडघेदुखी... सगळे बहाणे. एकदा तुम्ही शाळेच्या फाटकाशी आलात. शिपायाजवळ पांढऱ्या रंगाची ट्यूब दिलीत. "मॅडमचा पांढरा संपला असन," म्हणालात. मी स्टाफरूमच्या खिडकीतून तुम्हाला सायकल वळवताना पाहिलं. हाक मारली नाही.

महिन्याभरात तुम्ही गेलात.

उद्या सकाळी मी पुन्हा तुमच्या घरी जाणार आहे. पाहुणे अजून आहेत. त्यांच्यासमोरच सांगेन चाचीला, खोटं चारचौघांत बोलले होते, तसंच खरंही चारचौघांत. ती रडेल. कदाचित मला उठून जायला सांगेल. सांगू दे. तुमच्याजवळ कबूल करायला मी फार उशीर केला. तिच्याजवळ तसा उशीर करणार नाही.

सुजाता