इन्स्पेक्टरची पहिली बायको

३ सप्टेंबर २०१९, मंगळवार

ज्युलियन क्वेल गेला! सकाळच्या बातम्यांत, हवामानाच्या आधी. मी ऐकत उभा राहिलो आणि टोस्ट करपला. ॲव्हरिल म्हणाली, "गेला तर रेजी." एवढंच. मग सुरीनं करपलेलं खरवडलं, मार्मालेड लावलं आणि खाल्लं.

टीव्हीवर नेहमीचाच फोटो – रेनकोट, वर केलेली कॉलर. इन्स्पेक्टर मॉर्डन. रविवारी रात्री अख्खा देश या माणसाला पावसात उभं राहून खुनी ओळखताना बघायचा. हेझलबोर्नला तो वेगळ्या नावानं माहीत. रेजी पिल्बीम, विमा कंपनीतला कारकून. बाकीच्यांसारखाच सकाळच्या गाडीनं लंडनला जायचा. एक दिवस गेला तो गेलाच.

ॲव्हरिलचा पहिला नवरा. मी दुसरा.

४ सप्टेंबर

दिवसभर फोन. ॲव्हरिलनं शेवटी रिसीव्हर काढून उशीखाली ठेवला.

पबमध्ये नवा माणूस आला की त्याला ही गोष्ट ऐकवतात. ॲव्हरिल तेव्हा स्टेशनात तिकिटांच्या खिडकीवर होती. रेजी रांगेत उभा राहिला आणि बायकोच्याच हातून लंडनचं एकेरी तिकीट घेऊन निघून गेला – परतीचं नाही, एकेरी! ऐकणारा चुकचुकतो. मग सांगणारा शेपूट जोडतो, "बिचारीनं पुढं औषधवाल्याशी लग्न केलं."

ते शेपूट म्हणजे मी.

गावच्या मासिकात इतकी वर्षं 'ठाऊक आहे का?' हे सदर मी लिहितोय. राजघराण्यातल्या कुठल्याशा घोड्याला आपल्या लोहारानं नाल मारली. इंग्लिश खाडी पोहायला निघालेला आपला बेकर निम्म्यातून परत फिरला (म्हणजे एकूण अंतर तेवढंच पोहला की!). गावात जन्मलेले, मेलेले, गाडी चुकली म्हणून थांबलेले – सगळ्यांवर लिहून झालं. ज्युलियन क्वेलवर एक ओळ नाही. ॲव्हरिलनं कधी लिहू नको म्हटलं नाही. मीच लिहिलं नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

पॅम हॉक्सली येऊन गेली. पॅम म्हणजे इतिहास मंडळाची अध्यक्ष. लिंबाचा केक घेऊन आली तेव्हाच ओळखलं, काहीतरी काम आहे.

"क्लाइव, आपल्या गावाकडे आहे काय सांग! एक घोडा आणि एक अर्धवट पोहलेला बेकर. आता पहिल्यांदा खरंखुरं मोठं नाव मिळतंय." तिला आमच्या भिंतीवर निळी पाटी हवी आहे, मोठ्या माणसांच्या घरांवर लावतात तशी (घर रेजीच्या वेळचंच). 'येथे अभिनेते ज्युलियन क्वेल राहत होते.'

ॲव्हरिल चहा ओतत होती. "लाव की. शेजारी अजून एक लाव. येथे ॲव्हरिल ट्रेडगोल्ड राहते, अजून जिवंत आहे, बेल वाजवू नये."

पॅम हसली. ॲव्हरिल हसली नाही.

शेवटी पाटी स्टेशनवर लावायचं ठरलं. 'जिथून तो निघाला ती जागा.' पॅमला ही कल्पना आमच्या भिंतीपेक्षाही आवडली. जाताना मला दारात हळूच म्हणाली, "तिला जप हं. जुनी जखम आहे."

जपतोच आहे. लग्न झाल्यापासून तेच करतोय.

१२ सप्टेंबर

खाटकाच्या दुकानात एका बाईनं ॲव्हरिलचा दंड धरला. ओळख ना पाळख. "किती सोसलंत हो तुम्ही!" ॲव्हरिल तिच्याकडे न बघता खाटकाला म्हणाली, "चार चॉप्स. पातळ. चरबी काढून."

घरी येताना मी म्हटलं, लोकांना वाईट वाटतं गं. ती म्हणाली, "लोकांना मजा वाटते, क्लाइव." 

१५ सप्टेंबर

कुंपणात फोटोग्राफर. पाण्याचा पाइप सोडला – चुकून!

२१ सप्टेंबर, शनिवार

आज त्याची मुलगी आली. इमोजेन. दुसऱ्या लग्नाची, चाळिशीची, साधी मुलगी. नाक हुबेहूब इन्स्पेक्टरचं. दारात उभी राहून म्हणाली, "त्रास द्यायला नाही आले. बाबा कुठं राहायचे ते बघायचं होतं फक्त. नको असेल तर जाते."

ॲव्हरिलनं तिला आत घेतलं. वरची खोली दाखवली, मागची बाग दाखवली. मी सँडविचं केली. बोलणं छान चाललं होतं. रेजी आरशासमोर तालीम कशी करायचा, दाढी करताना राजा लिअर कसा व्हायचा – ॲव्हरिल हसून सांगत होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग इमोजेन म्हणाली, "बाबांना दोन पेग जास्त झाले की तुमच्याबद्दल बोलायचे. म्हणायचे, हेझलबोर्नमध्ये एक बाई राहते, तिनं मला टाकलं. आयुष्यात मला टाकणारी एकच बाई." आणि घाईघाईनं – "रागानं नाही हं. कौतुकानंच म्हणायचे."

मला वाटलं ॲव्हरिल खोडून काढील. ती म्हणाली, "साखर किती?"

२२ सप्टेंबर

नट माणूस. स्वतःला शोभेल तशी गोष्ट फिरवून सांगितली असणार मुलीला. बायकोला सोडून आलो असं कुठला बाप सांगेल?

पण ॲव्हरिल काही बोलली का नाही?

२४ सप्टेंबर

विचारलं नाही. पन्हळ साफ केली. पानं, चिखल, एक टेनिसचा चेंडू.

२९ सप्टेंबर, रविवार

पॅमनं भाषणाचा मसुदा मला वाचून दाखवला. त्यात 'स्टेशनच्या खिडकीमागे डोळ्यांतलं पाणी लपवणारी तरुण पत्नी' आहे. मी म्हटलं, पाणी जरा जास्त होतंय. "अरे, लोकांना तेवढं लागतं!" तिनं ॲव्हरिलला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे. ॲव्हरिल येणार म्हणाली. मला आश्चर्य वाटलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. उद्या मलाच खरं वाटणार नाही.

स्टेशनवर बरीच गर्दी. महापौर गळ्यात पदाची साखळी घालून. शाळेचा बँड, त्यात ट्रॉम्बोनवाला एकटाच सुरात. गार वारा. इमोजेन मागे उभी होती. पाटीवर छोटासा निळा पडदा.

पॅम बोलली. इन्स्पेक्टर मॉर्डन, देशभर कीर्ती, मग खिडकी, एकेरी तिकीट, डोळ्यांतलं पाणी. माझ्या मागे कुणीतरी नाक शिंकरलं. पॅम म्हणाली, "ती तरुण पत्नी आज आपल्यात आहे. त्यांच्याच हस्ते –"

ॲव्हरिल उठली. पडद्याची दोरी हातात घेतली, पण ओढली नाही. वळली.

"एक दुरुस्ती आहे," म्हणाली. रांगेत पुढं घुसणाऱ्याला खिडकीतून सुनवायची, तोच आवाज. "रेजीनं परतीचं तिकीट मागितलं होतं. मी एकेरी दिलं."

 कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"त्यानं मला टाकलं नाही. मी त्याला टाकलं. आदल्या दिवशीच सांगितलं होतं – तू लंडनला जा, नट हो, मोठा हो. मी येणार नाही आणि तूही परत येऊ नको. त्याला वाटलं मी रागात बोलतेय. म्हणून परतीचं मागितलं. त्याच्या मागं रांग होती. मी एकेरी सरकवलं आणि म्हटलं, पुढचा कोण?"

आणि दोरी ओढली.

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. महापौरांनी वाजवल्या, मग सगळ्यांनी. पॅमचं तोंड उघडं ते उघडंच. इमोजेन मात्र रडत होती आणि हसत होती.

मी पहिल्या रांगेत बसलेला. सगळे पाटीकडे बघण्याऐवजी माझ्याकडे बघत होते. बघणारच! ज्यानं टाकलेल्या बाईला आधार दिला तो मी. या गावात माझी ओळख दुसरी कुठली होती?

६ ऑक्टोबर

बोललो नाही. तीही नाही. रविवारचं मटण केलं, चांगलं झालं होतं. सांगितलं नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

बोललो. बोललो कसला, ओरडलो. "इतकी वर्षं! इतकी वर्षं मी तुला जपतोय! टीव्हीवर तो आला की उठून चॅनेल बदलत होतो. घरात त्याचं नाव काढत नव्हतो!"

"मला ती मालिका आवडायची," ॲव्हरिल म्हणाली. "तू बदलायचास म्हणून बघता यायची नाही."

 कोट घालून बाहेर पडलो. कालव्यापर्यंत गेलो. पाऊस लागला. परत आलो तर तिनं रेडिएटरवर टॉवेल गरम करून ठेवला होता.  टॉवेल घेतला.

१० ऑक्टोबर

पबमध्ये नवी गोष्ट सुरू झाली आहे म्हणे. जुन्यापेक्षा जास्त चालते. शेपूट मात्र तेच.

१३ ऑक्टोबर, रविवार

ॲव्हरिल म्हणाली, चल, फिरून येऊ. कालव्याच्या काठाकाठानं. ती पुढं बघत बोलत होती, मी ऐकत होतो.

"रेजी वाईट नव्हता. कधी हात उचलला नाही, कुठल्या बाईच्या मागं गेला नाही. पण घरात तो कधी नसायचाच. सोमवारी लॉर्ड, मंगळवारी दरोडेखोर. मी रोज आपली समोर बसून टाळ्या वाजवायची. एकदा मला ताप आला होता. त्यानं दारात उभं राहून डॉक्टरचा आवाज काढला. छान काढला. पण पाणी नाही दिलं."

मी म्हटलं, मग तेव्हाच खरं का नाही सांगितलंस गावाला?

ती थांबली. "तेव्हाचं हेझलबोर्न तू पाहिलं नाहीस. तू नंतर आलास. नवऱ्यानं टाकलेली बाई खिडकीवर बसू शकत होती. लोक सुटे पैसे घेताना दोन शब्द गोड बोलायचे. नवऱ्याला टाकलेली बाई – तीही मारझोड नाही, दारू नाही, काही नाही, नुसतं नको झाला म्हणून! साहेबांनी दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं. आईनं तर माझं तोंडही पाहिलं नसतं. लोकांनी आपणहून गोष्ट बनवली, मी नुसती गप्प बसले."

"आणि मला?"

"तू काउंटरमागून म्हणालास, असा माणूस तुम्हाला सोडून गेला म्हणजे मूर्खच असणार. पांढरा कोट, कान लाल झालेले. माझ्या बाजूनं असं कुणी कधी बोललंच नव्हतं, क्लाइव. म्हटलं, आज नको, उद्या सांगू खरं. मग लग्न झालं. मग तू चॅनेल बदलायला लागलास. इतकं मनापासून बदलायचास की तुझं मन मोडवेना."

एक बदक आमच्या बरोबरीनं पोहत होतं, पाव मिळेल म्हणून. आमच्याकडे काही नव्हतं.

मला राग आला होता, तो गेला कुठं ते शोधलं. होता, पण बारीक.

१५ ऑक्टोबर

मासिकाचं सदर लिहिलं. पहिल्यांदाच ज्युलियन क्वेल. ॲव्हरिलला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावला, पेन मागितलं. 'ते विभक्त झाले' यावर काट मारून लिहिलं, 'तिनं त्याला टाकलं.' आणि 'पुढं तिनं येथील औषधविक्रेत्याशी लग्न केलं' हे वाक्य पूर्ण खोडलं.

"ते का?"

"ते गावाच्या माहितीत कशाला? ते आपलं आहे."

१७ ऑक्टोबर

पॅमला भेटलो. माझ्यावर रुसली आहे, पण केक दिला. म्हणाली, पाटीसमोर लोक फोटो काढतात, आणि तिकिटांच्या खिडकीचे जास्त काढतात.

संध्याकाळी ॲव्हरिल आणि मी इन्स्पेक्टर मॉर्डन बघितला. जुना भाग, पुन्हा दाखवत होते. चांगला नट होता. खरंच चांगला होता.

२० ऑक्टोबर, रविवार

ॲव्हरिल पेपरातलं कोडं सोडवत होती. मी सहज विचारलं – म्हणजे सहज नव्हतं – "मला टाकून जावंसं कधी वाटलं?"

"एकदा," ती म्हणाली. मान वर केली नाही. "गेले पण होते. ब्रायटनला, बॅग घेऊन, कायमची. तू मित्रांबरोबर वेल्सला मासे धरायला गेला होतास. तुला कळलंच नाही."

"मग?"

"मग काय? तू येणार होतास त्या दिवशी सकाळी परत आले."

मला तो दिवस आठवतो. दारातच सुरुवात केली होती मी. ट्राउट, प्रवाह, कुठला गळ, गळाला लावायची कुठली खोटी माशी, निसटलेला मासा केवढा होता. जेवण होईपर्यंत थांबलो नव्हतो. आणि ती समोर बसून सगळं ऐकत होती. मध्येच उठून तिनं मला पाणी दिलं होतं.